‘प्रायव्हेट’ची कुळकथा

जावा ही संगणकाची भाषा शिकवताना पहिल्या काही तासांतच एक नियम फळ्यावर येतो : क्लासमधील सर्व फील्ड ‘प्रायव्हेट’ ठेवावीत, ‘पब्लिक’ ठेवू नयेत. विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि त्याचे गुणही मिळवतात. पण एखादा चौकस विद्यार्थी मध्येच विचारतो, ‘‘सगळा प्रोग्राम मीच लिहिला आहे. मग मी कोणापासून काय लपवायचे?’’

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला बहुधा मिळणारे उत्तर ‘सुरक्षिततेसाठी’ असे असते. हे उत्तर चुकीच्या दिशेला नेणारे आहे. प्रायव्हेट म्हणजे तिजोरीचे कुलूप, चोरापासून संरक्षण, अशी समजूत त्यातून होते. मग पासवर्ड तेवढा प्रायव्हेट ठेवावा आणि बाकीचे उघडे ठेवले तरी चालेल, असाही निष्कर्ष काही जण काढतात. खरे कारण वेगळे आहे. ते कळायला व्याख्या पाठ करून फारसा उपयोग होत नाही. हा नियम कोणत्या अडचणीतून जन्माला आला ते पाहावे लागते. ही अडचण जावाच्या जन्माआधी निदान तीस वर्षे प्रोग्रामरांना छळत होती.

आधी एक गुणपत्रक

इतिहासाकडे वळण्यापूर्वी शब्दांची थोडी ओळख करून घेऊ. क्लास म्हणजे एक साचा. त्या साच्यातून निघालेली प्रत्येक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. ऑब्जेक्टमध्ये माहितीचे कप्पे असतात, त्यांना फील्ड म्हणतात. आणि त्या माहितीवर करायची कामे असतात, त्यांना मेथड म्हणतात. फील्ड पब्लिक असेल तर प्रोग्रामच्या कोणत्याही भागाला तो कप्पा थेट वाचता येतो आणि त्यात थेट लिहिताही येते. प्रायव्हेट असेल तर त्या क्लासच्या मेथडींनाच हा अधिकार असतो. बाहेरच्यांनी त्या मेथडींना विनंती करायची.

‘गुणपत्रक’ नावाचा क्लास घेऊ. त्यात मराठी, गणित, विज्ञान आणि एकूण असे चार कप्पे आहेत. फेरतपासणीत गणिताचे ५४ चे ६४ झाले. कप्पे पब्लिक असतील तर प्रोग्रामचा एखादा भाग गणिताच्या कप्प्यात ६४ लिहून मोकळा होईल आणि ‘एकूण’ मात्र जुनेच राहील. गुणपत्रक छापले जाईल, त्यातली प्रत्येक संख्या वाचता येईल, फक्त बेरीज जुळणार नाही. कप्पे प्रायव्हेट ठेवून ‘गुण बदला’ अशी एकच मेथड दिली, तर तीच एकूण बेरीजही सुधारील आणि कोणी १०० पैकी १०५ भरू लागला तर त्याला अडवील.

हा झाला पहिला फायदा, आणि तो चटकन पटतो. दुसरा फायदा याहून मोठा आहे, पण तो वर्गातल्या पन्नास ओळींच्या प्रोग्राममध्ये दिसत नाही. तो दिसायला प्रोग्राम मोठा व्हावा लागतो, अनेक हातांनी लिहिला जावा लागतो आणि काही वर्षे टिकावा लागतो. म्हणून आता इतिहास.

सगळ्यांचा एकच फळा

आयबीएम कंपनीने १९५८ साली फोर्ट्रान भाषेची दुसरी आवृत्ती आणली. मोठा प्रोग्राम लहान लहान उपप्रोग्रामांत तोडण्याची सोय तीत होती. या उपप्रोग्रामांनी एकमेकांना माहिती द्यायची कशी? त्यासाठी ‘कॉमन’ नावाची व्यवस्था केली गेली. संगणकाच्या स्मृतीचा एक भाग सर्वांसाठी सामाईक. ज्याला हवे त्याने तिथे लिहावे, ज्याला हवे त्याने वाचावे. शिक्षकांच्या खोलीतल्या सामाईक फळ्यासारखाच हा प्रकार होता.

त्या काळी ही सोय फार मोलाची होती, कारण स्मृती महाग आणि तोकडी होती. पण तिच्यात एक मेख होती. कॉमनमधील माहिती नावाने ओळखली जात नसे, क्रमाने ओळखली जाई. पहिली जागा, दुसरी जागा, तिसरी जागा. एका उपप्रोग्रामात तिसऱ्या जागेला ‘तापमान’ म्हणत असतील आणि दुसऱ्यात ‘दाब’, तर संगणक तक्रार करीत नसे. कोणी मध्येच एक नवी जागा घातली की पुढच्या सगळ्या जागा सरकत आणि ज्या उपप्रोग्रामाला ही खबर नसेल तो शांतपणे चुकीची संख्या उचलत असे. चूक एका ठिकाणी व्हायची आणि उघडकीला यायची भलत्याच ठिकाणी.

प्रोग्राम लहान होते, लिहिणारे एक-दोघेच होते, तोवर हे निभावले. १९६० च्या दशकात प्रोग्राम फुगू लागले, तसे निभेनासे झाले.

पाच फुटी वही

या फुगण्याचे ठळक उदाहरण म्हणजे आयबीएमची ‘ओएस/३६०’ ही कार्यप्रणाली. ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकमालिका एप्रिल १९६४ मध्ये जाहीर झाली. तिच्यासाठीच्या या कार्यप्रणालीवर ऐन भरात हजाराहून अधिक माणसे काम करीत होती. प्रकल्पाचे एक प्रमुख होते फ्रेडरिक ब्रूक्स. पुढे १९७५ साली त्यांनी या अनुभवावर ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिले. उशीर झालेल्या प्रकल्पात आणखी माणसे घातली की उशीर वाढतो, हा त्यांचा निष्कर्ष पुष्कळांनी ऐकलेला असतो. आपल्याला इथे त्यातला दुसराच एक भाग हवा आहे.

ब्रूक्स यांचे धोरण असे होते की प्रत्येक प्रोग्रामरला संपूर्ण प्रकल्पाची सर्व माहिती मिळाली पाहिजे. कोणत्या भागात कोणता कप्पा कुठे आहे, कोणती सारणी कशी रचली आहे, सगळे. त्यासाठी प्रकल्पाची एक वही ठेवलेली होती आणि तिची प्रत प्रत्येकाला मिळत असे. सहा महिन्यांच्या आतच ही वही पाच फूट जाडीची झाली. रोज होणाऱ्या बदलांची सुमारे १५० पाने येत आणि ती जागच्या जागी लावणे हेच एक काम होऊन बसले. अखेर कागद सोडून मायक्रोफिशचा, म्हणजे फिल्मवर बारीक छापलेल्या पानांचा, आश्रय घ्यावा लागला.

हेतू वाईट नव्हता. आपल्या बदलाचा दुसऱ्यावर काय परिणाम होईल हे ज्याचे त्याला कळावे, एवढीच इच्छा. पण रोज १५० पाने वाचून मग आपले काम कोण करणार? आणि वाचली नाहीत तर कोणत्या पानाने आपला भाग मोडला हे कळणार कसे?

पार्नास यांचा उलटा सल्ला

नेमक्या याच धोरणाला डेव्हिड पार्नास यांनी उलटा प्रश्न विचारला. हे पिट्सबर्गच्या कार्नेगी-मेलन विद्यापीठात शिकवीत. १९७१ च्या एका निबंधात त्यांनी मांडलेला विचार शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. चांगल्या प्रोग्रामरला जी माहिती द्याल ती तो वापरतो. वापरणे हा त्याचा दोष नाही, गुणच आहे. पण दुसऱ्याच्या भागाची आतली रचना त्याला ठाऊक असेल, तर तो तिच्यावर विसंबून आपला भाग लिहितो. मग त्या दुसऱ्याला आपली रचना बदलता येत नाही. म्हणजे माहिती वाटल्याने समन्वय वाढण्याऐवजी गाठी वाढतात. म्हणून प्रत्येकाला आपल्या कामापुरतेच कळू द्यावे, बाकीचे झाकून ठेवावे.

डिसेंबर १९७२ मध्ये पार्नास यांचा या विषयावरचा सर्वांत गाजलेला निबंध अमेरिकेतील एसीएम या संगणक-संस्थेच्या मासिकात आला. तो अवघ्या सहा पानांचा आहे. त्यात त्यांनी मुद्दाम एक छोटा प्रोग्राम घेतला, चांगला प्रोग्रामर एक-दोन आठवड्यांत लिहील एवढाच. ग्रंथालयात उपयोगी पडणारी शब्दसूची तयार करणे हे त्याचे काम. समजा, पुस्तकाचे नाव आहे ‘शालेय विज्ञान प्रयोग’. या नावाचे शब्द फिरवून ‘विज्ञान प्रयोग शालेय’ आणि ‘प्रयोग शालेय विज्ञान’ अशा आणखी दोन ओळी करायच्या. अशा सर्व पुस्तकांच्या सर्व ओळी अकारविल्हे लावायच्या. मग वाचकाला नावातला कोणताही एक शब्द आठवत असला तरी पुस्तक सापडते.

हा प्रोग्राम पार्नास यांनी दोन प्रकारे तोडून दाखवला. पहिला प्रकार कोणालाही सहज सुचणारा : आधी ओळी वाचणारा भाग, मग शब्द फिरवणारा, मग क्रम लावणारा, मग छापणारा. कामाच्या पायऱ्या तेच भाग. पण हे सगळे भाग स्मृतीतल्या त्याच साठ्यावर थेट हात घालणारे. दुसऱ्या प्रकारात त्यांनी पायऱ्या बाजूला ठेवल्या आणि असा प्रश्न केला : या प्रोग्राममध्ये असे कोणते निर्णय आहेत की जे उद्या बदलावे लागतील? अशा प्रत्येक निर्णयासाठी एक भाग केला आणि तो निर्णय त्या भागाच्या पोटात लपवला. अक्षरे स्मृतीत कशी साठवायची हा त्यांतलाच एक निर्णय.

आता बदल करून पाहू. त्या काळातील संगणकाच्या स्मृतीतील एका ‘शब्दा’त चार अक्षरे कोंबता येत. सुरुवातीला तशी कोंबून ठेवली आणि नंतर ठरवले की नको, सुटी ठेवू. पहिल्या प्रकारात वाचणारा, फिरवणारा, क्रम लावणारा आणि छापणारा, असे सगळे भाग पुन्हा लिहावे लागतात. दुसऱ्या प्रकारात ओळी साठवणारा एकच भाग बदलतो. इतरांनी ‘तिसऱ्या ओळीच्या दुसऱ्या शब्दाचे पहिले अक्षर दे’ एवढेच विचारायचे असते. ते अक्षर आतून कुठून येते याच्याशी त्यांना कर्तव्य नसते.

प्रायव्हेटचे मर्म इथे आहे. कप्पा लपवायचा तो त्यातील माहिती गुप्त असते म्हणून लपवायचा नसतो. ती रचना उद्या बदलण्याचा हक्क आपल्याकडे राहावा म्हणून लपवायचा. जे कप्पे आपण उघडे टाकतो त्यांवर इतरांचे प्रोग्राम उभे राहतात, आणि मग आपल्याच घरातली भिंत हलवायला सगळ्या गावाची परवानगी लागते.

ब्रूक्स यांना हे पटले नव्हते. १९७५ च्या पुस्तकात त्यांनी पार्नास यांच्या सल्ल्याची दखल घेतली, पण तो घातक ठरेल असे मत दिले. त्यानंतर वीस वर्षे लोटली. १९९५ साली त्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. तीत ब्रूक्स यांनी निःसंदिग्ध शब्दांत लिहिले की या बाबतीत पार्नास बरोबर होते आणि मी चूक होतो. एवढ्या मान्यवर माणसाने छापील मत असे जाहीरपणे मागे घेणे विरळाच. विज्ञानाच्या वर्गात सांगावी अशीच ही गोष्ट आहे.

विचाराला भाषेत जागा मिळते

पार्नास यांनी सांगितली ती शिस्त होती. ती पाळणे न पाळणे प्रोग्रामरच्या हाती. भाषेनेच ती पाळायला लावावी, हा पुढचा टप्पा.

क्लास आणि ऑब्जेक्ट या कल्पना ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांनी तयार केलेल्या ‘सिम्युला ६७’ या भाषेत पूर्ण रूपाला आल्या. गंमत अशी की या मूळ भाषेत लपवण्याची सोय नव्हती. ऑब्जेक्टचा कोणताही कप्पा बाहेरून वाचता-लिहिता येई. लपवण्याचे शब्द तीत १९७० च्या दशकात मागाहून आले. म्हणजे ऑब्जेक्ट आधी जन्मला आणि त्याचे दार नंतर बसले.

अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ पासून ‘स्मॉलटॉक’ भाषा घडवली. तिने दुसरे टोक गाठले. तीत ऑब्जेक्टचे कप्पे नेहमीच खाजगी. पब्लिक करण्याचा पर्यायच नाही. जे हवे ते निरोप पाठवून मागायचे. एमआयटी या संस्थेत बार्बरा लिस्कोव्ह यांनी ‘क्लू’ ही भाषा रचली. माहितीची रचना आणि तिच्यावरील क्रिया यांची एकत्र मोट बांधायची आणि रचना बाहेर दिसू द्यायची नाही, हे तिचे मुख्य सूत्र. या दिशेच्या कामाबद्दल लिस्कोव्ह यांना २००८ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

‘पब्लिक’ हा शब्द आपल्या परिचयाच्या अर्थाने घरोघरी पोचवला तो मात्र बियार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी. केंब्रिजला असताना त्यांनी सिम्युला वापरली होती. १९७९ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये त्यांनी सी भाषेला क्लासची जोड द्यायला घेतली. तीच पुढे १९८३ मध्ये सी++ झाली. तीत क्लासचे कप्पे मुळात खाजगी धरलेले असतात आणि ‘पब्लिक’ असे लिहिल्यावर पुढचे उघडे होतात. हे संरक्षण अपघातापासून आहे, मुद्दाम केलेल्या लबाडीपासून नाही, हेही स्ट्रूस्ट्रुप यांनी स्पष्ट केले. ‘सुरक्षिततेसाठी’ हे उत्तर का पुरत नाही, याचा खुलासा असा भाषेच्या जनकाकडूनच मिळतो.

पब्लिक आणि प्रायव्हेट यांच्या मधला ‘प्रोटेक्टेड’ हा शब्द सी++ मध्ये नंतर आला. असा कप्पा फक्त त्या क्लासच्या वारसांना उघडा असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मार्क लिंटन यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. पुढे काही वर्षांनी त्याच लिंटन यांनी आपल्या प्रकल्पात प्रोटेक्टेड कप्पे वापरायला बंदी घातली, कारण ते चुकांचे उगमस्थान ठरले होते. वारस म्हटले तरी ते किती असतील आणि कुठे असतील याचा हिशेब मूळ मालकाला ठेवता येत नाही!

जावाची दोन उदाहरणे

सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत जेम्स गॉसलिंग यांनी १९९१ पासून जी भाषा घडवायला घेतली ती मे १९९५ मध्ये जावा या नावाने जगासमोर आली. तिने सी++ चे तीनही शब्द घेतले आणि काहीच न लिहिल्यास तो कप्पा त्याच ‘पॅकेज’मधील क्लासना उघडा, अशी चौथी पातळी ठेवली. इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावी : जावातील प्रायव्हेटची सीमा क्लासभोवती असते, प्रत्येक ऑब्जेक्टभोवती नसते. एक गुणपत्रक दुसऱ्या गुणपत्रकाचे खाजगी कप्पे पाहू शकते, कारण दोघांची मेथड एकाच हाताने लिहिलेली असते. बदल करणारा एकच असेल तर त्याच्यापासून लपवण्याची गरज नाही.

आता जावाच्या स्वतःच्या भांडारातीलच दोन क्लास शेजारी ठेवून पाहू. एकाचे कप्पे पब्लिक, दुसऱ्याचे प्रायव्हेट.

पहिला ‘डायमेन्शन’. पडद्यावरील चौकटीची लांबी-रुंदी ठेवणारा हा क्लास पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि त्याचे दोन्ही कप्पे पब्लिक आहेत. परिणाम काय झाला? एखाद्या चौकटीने आपले माप सांगताना स्वतःकडचा डायमेन्शन दिला, तर घेणारा त्यात वाटेल ती संख्या लिहील आणि चौकटीला पत्ताही लागणार नाही. म्हणून जो विचारील त्याला दर वेळी नवी प्रत करून द्यावी लागते. प्रती करण्यात वेळ आणि स्मृती खर्च होते. १९९८ च्या आवृत्तीत लांबी आणि रुंदी वेगवेगळी विचारण्याच्या मेथडी चौकटींना जोडून हा खर्च टाळायची वाट करून दिली गेली. पण ते दोन कप्पे काही बंद करता आले नाहीत, कारण तोवर असंख्य प्रोग्राम त्यांवर विसंबले होते. जोशुआ ब्लॉक यांच्या ‘इफेक्टिव्ह जावा’ या २००१ साली आलेल्या पुस्तकात हा क्लास गिरवण्यासाठी नव्हे, सावध करण्यासाठी दाखवला आहे.

दुसरा ‘स्ट्रिंग’, म्हणजे अक्षरांची माळ. जावात याच्याइतका वापरला जाणारा क्लास क्वचितच असेल. जावाच्या आरंभापासून प्रत्येक अक्षरचिन्हासाठी दोन बाइट अशा रांगेत ही माळ ठेवली जाई. पण रोमन लिपीच्या नेहमीच्या अक्षरांना एकच बाइट पुरतो. अशा मजकुरात निम्मी जागा वाया जात होती. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या जावा ९ मध्ये आतली रचना बदलली. सगळी अक्षरे एका बाइटात बसणारी असतील तर एकेक बाइट, नसतील तर पूर्वीप्रमाणे दोन. ‘पुणे’ हा शब्द रोमन लिपीत लिहिला तर आता निम्म्या जागेत मावतो. देवनागरीत लिहिला तर त्याला पूर्वीइतकीच जागा लागते. जगभरच्या जावा प्रोग्रामांच्या पायाखालची फरशी अशी बदलली गेली आणि ज्यांनी स्ट्रिंग तिच्या मेथडींतून वापरली होती त्यांना आपली एक ओळही बदलावी लागली नाही. अक्षरांची ती रांग १९९५ पासून प्रायव्हेट होती म्हणूनच हे शक्य झाले. ती पब्लिक असती तर आजही तशीच राहिली असती.

केवळ दारावर पडदा नको

यावरून विद्यार्थी चटकन असा धडा घेतात की कप्पा प्रायव्हेट करावा, प्रत्येक कप्प्यासाठी एक वाचणारी आणि एक लिहिणारी मेथड जोडावी, की काम झाले. पुष्कळ पाठ्यपुस्तकेही इथेच थांबतात. ही वाचती-लिहिती जोडी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘जावाबीन्स’च्या संकेताबरोबर फार रूढ झाली. पण आतली रचना जशीच्या तशी बाहेर सांगणारी मेथड म्हणजे उघड्या दारावरचा पडदा. त्याने लपत काहीच नाही.

जावाचा ‘डेट’ क्लास याचा उत्तम नमुना आहे. त्याचे कप्पे खाजगी होते, पण वर्ष सांगणारी त्याची मेथड १९०० वजा करून उत्तर देई. १९९५ साठी ९५. वर्ष दोन अंकांत लिहिण्याच्या जुन्या सवयीचीच ही सावली. अनेकांनी त्या आकड्याआधी १९ चिकटवून काम भागवले. १ जानेवारी २००० ला याच उत्तराचा आकडा झाला १००, आणि वर्ष उमटले १९१००! अशी वर्षे त्या दिवशी जगात अनेक पडद्यांवर दिसली, कारण हाच संकेत इतर काही भाषांतही होता. जावाकारांनी ही मेथड १९९७ सालीच नापसंत ठरवली होती, पण ती काढून टाकता आली नाही.

तसे पाहिले तर ‘वाय-टू-के’चे सारे संकटच या लेखाच्या विषयाचे मोठे रूप होते. वर्षाला दोनच अंक द्यायचे, हा जागा वाचवण्याचा निर्णय एका काळी शहाणपणाचा होता. दोष निर्णयात कमी आणि तो उघडा पडण्यात जास्त. ते दोन अंक हजारो प्रोग्राम थेट फाइलीतून उचलत होते. एका ठिकाणी दुरुस्ती करून भागण्यासारखे नव्हते; जुन्या कोबोल प्रोग्रामांच्या ओळी न् ओळी तपासाव्या लागल्या. या कामाचा मोठा वाटा भारतात आला आणि मुंबई-पुण्याच्या अनेक तरुणांची सॉफ्टवेअरमधील पहिली नोकरी त्यावरच लागली. लपवायचा राहून गेलेला एक निर्णय किती महाग पडू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांला तरी ठाऊक नाही.

मग पब्लिक कधी?

आता मूळ नियमाकडे येऊ. कप्पा उघडा ठेवण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. याची रचना उद्या बदलण्याची शक्यता आहे काय? आणि बाहेरच्या कोणी यात काही भलते लिहिले तर बाकीच्या माहितीशी विसंगती होईल काय? दोन्हींचे उत्तर ठाम ‘नाही’ असेल तर पब्लिक ठेवायला हरकत नाही. पाय या संख्येची किंमत जावात पब्लिकच आहे, पण ‘फायनल’, म्हणजे न बदलणारी. ती झाकण्यात अर्थ नाही. एखाद्या क्लासच्या पोटात, त्याच्यापुरताच वापरायचा चिमुकला मदतनीस क्लास असेल, तर त्याचे कप्पे उघडे असले तरी बिघडत नाही. त्यांना पाहणारे सगळे एकाच छपराखाली असतात आणि बदल करायचा झाला तर एकाच ठिकाणी करावा लागतो. जो क्लास इतरांच्या हाती जाणार, त्याला मात्र ही सूट नाही. बर्ट्रांड मेयर यांच्या ‘आयफेल’ भाषेने तर १९८० च्या दशकातच मधली वाट दाखवली होती : बाहेरच्यांनी कप्पा वाचावा, लिहू नये, आणि उत्तर साठवलेले आहे की त्या क्षणी मोजलेले, हे त्यांना कळूही नये. जावात २०२१ मध्ये कायमचे रूढ झालेले ‘रेकॉर्ड’ हे क्लासही न बदलणाऱ्या खाजगी कप्प्यांचेच असतात.

या शिस्तीची किंमतही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तिने प्रोग्राम लांबतो. मेथडींतून फिरून जाण्याने वेग कमी होईल ही शंका पार्नास यांनाही चर्चावी लागली होती. आजचे जावा यंत्र छोट्या मेथडी चालवताना जागच्या जागी विरघळवून टाकते, त्यामुळे ती शंका आता फारशी उरलेली नाही. पायथॉन भाषा तर सक्तीच करीत नाही. नावाआधी अधोरेषा देऊन ‘हे आतले आहे’ असे सुचवते आणि पुढचे वापरणाऱ्याच्या विवेकावर सोडते. सक्ती असो वा संकेत, विचार तोच.

तो वर्गात पटवायचा असेल तर असा प्रयोग करावा. विद्यार्थ्यांचे तीन गट करावेत. एकाने ‘दिनांक’ नावाचा क्लास लिहावा, त्यात दिवस, महिना आणि वर्ष हे तीन कप्पे पब्लिक ठेवावेत. इतर दोघांनी तो वापरून एकाने वयाचा हिशेब आणि दुसऱ्याने सुट्ट्यांची यादी करावी. आठवड्याने पहिल्या गटाला सांगावे, की तीन कप्पे काढून टाका आणि त्याऐवजी १ जानेवारी १९०० पासून किती दिवस झाले एवढी एकच संख्या ठेवा. किती ओळी मोडल्या, ते तिन्ही गटांनी मोजून फळ्यावर लिहावे. मग हाच खेळ खाजगी कप्पे आणि नेमक्या मेथडी घेऊन पुन्हा करावा. फळ्यावरील दोन आकडे शेजारी शेजारी राहू द्यावेत. ‘मी कोणापासून लपवायचे?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यालाच मग ते मोठ्याने वाचायला सांगावेत.